नवं उत्पादन बाजारात येण्याआधी कंपनीच्या आत काय घडतं

नोव्हेंबर १९९८मध्ये इरिडियम नावाची सॅटेलाइट फोनची सेवा सुरू झाली. मोटोरोलाच्या पुढाकारानं उभी राहिलेली ही योजना होती: पृथ्वीभोवती ६६ उपग्रह फिरत ठेवायचे, आणि समुद्र असो, वाळवंट असो, कुठूनही कुठेही फोन लावता आला पाहिजे. (मुळात ७७ उपग्रह ठरले होते, म्हणून अणुक्रमांक ७७ असलेल्या धातूचं नाव घेतलं. पुढे उपग्रह कमी झाले, नाव तेच राहिलं.) सगळं मिळून सुमारे ५ अब्ज डॉलर खर्च झाले. इंजिनिअरांनी काम चोख केलं होतं. उपग्रह वर गेले, फोन लागू लागले. आणि ऑगस्ट १९९९मध्ये, म्हणजे वर्षही पुरतं उलटलं नव्हतं तेव्हा, कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला.

कारण गिऱ्हाईक नव्हतं. फोनची किंमत ३,००० डॉलरच्या घरात, आकार विटेएवढा, बोलण्याचा दर मिनिटाला कित्येक डॉलर. वर आकाश मोकळं दिसत नसेल तर फोन चालत नसे, त्यामुळे ऑफिसात किंवा गाडीत बसून बोलायची सोय नाही. १९८७ साली ही कल्पना निघाली तेव्हा मोबाइल महाग होते, एका देशाचा फोन दुसऱ्या देशात बहुधा चालत नसे, आणि जगभर फिरणारा व्यावसायिक अशा फोनसाठी हवे तेवढे पैसे मोजेल हे मानणं मुळीच वेडेपणाचं नव्हतं. पण मधल्या ११ वर्षांत साधे मोबाइल स्वस्त झाले, शहराशहरांत पोहोचले, परदेशातही चालू लागले. इरिडियमला उरली जहाजं, खाणी, सैन्य आणि गिर्यारोहक. तेवढ्यांवर ५ अब्ज वसूल होणार नव्हते. पुढे नव्या मालकांनी हाच सगळा डोलारा सुमारे अडीच कोटी डॉलरना विकत घेतला आणि ती सेवा आजही चालू आहे. उत्पादन तेच, गिऱ्हाईक तेच. डोक्यावरचं ५ अब्जांचं ओझं तेवढं गेलं.

ही गोष्ट आधी सांगण्याचं कारण असं, की ‘इनोव्हेशन’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कल्पना सुचणारा माणूस येतो. कंपनीत मात्र कल्पनांचा तुटवडा सहसा नसतोच. बऱ्यापैकी मोठ्या कोणत्याही कंपनीत पैसा, माणसं आणि वेळ यांना पुरून उरतील इतक्या कल्पना पडून असतात. अडतं ते निर्णयापाशी. यांतल्या कशाला पैसे द्यायचे, किती द्यायचे, आणि मुख्य म्हणजे चालू असलेलं काम कधी आणि कुणी थांबवायचं? नावीन्याचं व्यवस्थापन म्हणतात ते बहुतांशी एवढंच आहे. सूचनापेट्या, हॅकेथॉन, भिंतीवर चिकटवलेल्या रंगीत चिठ्ठ्या यांना माझ्या मते गरजेपेक्षा जास्त भाव मिळतो.

प्रत्येक नव्या उत्पादनाबद्दल तीन शंका असतात. बनवता येईल का? कुणाला हवं आहे का? त्यातून पैसे सुटतील का? धंद्यागणिक यांचं वजन बदलतं. औषधाच्या बाबतीत पहिली शंका सगळ्यात जड. औषध खरंच गुण देणारं असेल तर घेणारे मिळतात, पण गुण देईल की नाही हे कळायला वर्षं जातात. आधी मूठभर माणसांवर सुरक्षिततेची चाचणी, मग थोड्या रुग्णांवर, मग शेकडो-हजारो रुग्णांवर. माणसांवरच्या चाचणीपर्यंत पोहोचलेल्या साधारण दहा औषधांपैकी एखादंच बाजारात येतं. मोबाइल ॲपचं नेमकं उलट: बनवता बहुधा येतंच, पण ते कुणी उघडेल का हीच धास्ती. म्हणून औषध कंपनीची पद्धत ॲपवाल्यांनी उचलली, किंवा ॲपवाल्यांची गाडीच्या कारखान्यानं उचलली, की गोंधळ होतो. यशस्वी कंपनीची कार्यपद्धती जशीच्या तशी आणायची हौस असणाऱ्यांनी आधी आपली जड शंका कोणती ते तपासावं.

या शंका फेडायची सगळ्यात रूढ पद्धत म्हणजे ‘स्टेज-गेट’. रॉबर्ट कूपर या कॅनडातल्या प्राध्यापकांनी ती १९८०च्या दशकात मांडली. टप्प्याटप्प्यानं मंजुरी देण्याची पद्धत त्याआधी १९६०च्या दशकात नासाकडेही होती. रचना सोपी आहे. कामाचे टप्पे पाडायचे: कल्पनेची चाळणी, धंद्याचा आराखडा, प्रत्यक्ष विकास, चाचणी, लाँच. दोन टप्प्यांच्या मध्ये एक गेट, म्हणजे एक बैठक. तिथे पुढे जायचं, थांबायचं, काही काळ बाजूला ठेवायचं की आधीचा टप्पा पुन्हा करायचा, हे ठरतं. पुढे जायचं ठरलं तर फक्त पुढच्या टप्प्यापुरते पैसे सुटतात.

खरी मेख या हप्त्यांमध्ये आहे. सुरुवातीला खर्च असतो दोन-चार माणसांच्या पगाराचा. विकासाच्या टप्प्यावर पूर्ण टीम लागते. त्यानंतर साचे, यंत्रं, कच्च्या मालाचे करार, जाहिराती. नकाशावरची भिंत सरकवायला खोडरबर पुरतं; बांधून झालेली भिंत सरकवायची तर घण लागतो. म्हणून जी शंका लवकर आणि थोड्या पैशात फिटू शकते ती साचे बनवायला टाकण्याआधीच फेडून घ्यायची. गेटच्या बैठकीत बसणारी माणसंही त्यासाठी ठरलेली असतात: विक्री, उत्पादन, वित्त आणि संशोधन या चारही बाजूंची, आणि पैसे व माणसं देण्याचा किंवा काढून घेण्याचा अधिकार असलेली. अधिकार नसलेल्यांची बैठक म्हणजे नुसतं सादरीकरण.

कागदावर हे सगळं ठाकठीक दिसतं. प्रत्यक्षात बऱ्याच कंपन्यांत गेटला दार असतं पण ते कधी लागत नाही. प्रोजेक्ट एकदा आत शिरला की लाँचपर्यंत जातोच. बैठकीत बसलेल्या प्रत्येकाला मनातून ठाऊक असतं की हे चालणार नाही, पण दोन वर्षं झालेली असतात, प्रोजेक्टप्रमुखाची इज्जत पणाला लागलेली असते, वरच्या साहेबांनी भागधारकांसमोर त्याचा उल्लेख केलेला असतो. मग कुणीतरी म्हणतं, “एवढा खर्च झालाच आहे, आता सोडलं तर सगळं पाण्यात.” झालेला खर्च कोणताही निर्णय घेतला तरी परत येणार नसतो. विचार करायचा तो यापुढे लागणाऱ्या पैशांचा आणि त्यातून यापुढे मिळणाऱ्याचा. हे सगळ्यांना कळतं आणि तरीही वळत नाही.

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण काँकॉर्ड विमानाचं. ब्रिटन आणि फ्रान्स यांनी १९६२ साली करार केला. खर्चाचे अंदाज फुगत गेले. १९६४मध्ये ब्रिटनमध्ये नवं सरकार आलं आणि त्याला यातून बाहेर पडायचं होतं, पण करारात एकतर्फी बाहेर पडायची वाटच ठेवलेली नव्हती. विमान झालं, १९७६ला प्रवासी सेवेत आलं, दिसायला देखणं होतं, आवाजापेक्षा दुप्पट वेगानं उडायचं. आणि नियमित प्रवासी सेवेत आली अवघी १४ विमानं, तीही ब्रिटिश आणि फ्रेंच या दोन घरच्याच विमान कंपन्यांकडे. बुडीत खर्चाच्या मागे धावण्याला इंग्रजीत काँकॉर्डचंच नाव पडलंय.

यावर जो उपाय खरोखर लागू पडतो तो बैठक भरण्याच्या पुष्कळ आधीचा आहे. काम सुरू होतानाच, कुणाचा जीव त्यात गुंतलेला नसताना, थांबण्याची अट लिहून ठेवायची. समजा नव्या उपकरणाची बॅटरी हीच मुख्य अडचण आहे. तर ‘सहा महिन्यांत एका चार्जवर दहा तास चालली नाही तर बंद’ हे पहिल्याच कागदावर, आकड्यासकट. गूगलची पालक कंपनी अल्फाबेट हिच्या ‘एक्स’ या प्रयोगशाळेत फॉगहॉर्न नावाचा प्रोजेक्ट होता: समुद्राच्या पाण्यापासून गाडीचं इंधन. रसायनशास्त्र जमलं होतं, इंधन तयार होत होतं. पण ठरवलेल्या मुदतीत ते पेट्रोलशी टक्कर देण्याइतकं स्वस्त होणार नाही असं हिशेबात दिसल्यावर टीमनं स्वतःच २०१६ साली काम थांबवायला सुचवलं. त्याबद्दल टीमला बोनस मिळाला. हा बोनस मला फार महत्त्वाचा वाटतो. थांबवणाऱ्याची पुढची बढती अडत असेल, तर थांबण्याची अट कितीही ठळक अक्षरांत लिहा, तिची आठवण कुणीही काढणार नाही.

दुसरी गोष्ट चाचण्यांच्या क्रमाची. माणसाचा ओढा सोपं काम आधी उरकण्याकडे असतो, कारण त्यातून प्रगती दिसते. नाव ठरतं, लोगो होतो, वेबसाइट सजते, आणि ज्या प्रश्नावर सगळं अवलंबून आहे तो तसाच राहतो. निक स्विनमर्न यांनी १९९९ साली बुटांच्या ऑनलाइन दुकानाची सुरुवात केली तेव्हा एकच जड प्रश्न होता: पायात घालून न पाहता लोक बूट विकत घेतील का? त्यासाठी गोदाम, साठा, सॉफ्टवेअर यांतलं काहीच लागणार नव्हतं. त्यांनी दुकानांत जाऊन बुटांचे फोटो काढले, साइटवर टाकले, आणि ऑर्डर आली की त्याच दुकानातून पूर्ण किमतीला बूट घेऊन पाठवले. धंदा म्हणून हा आतबट्ट्याचा व्यवहार, पण प्रश्नाचं उत्तर पक्कं मिळालं. तीच कंपनी, झॅपोस, अ‍ॅमेझॉननं २००९ साली सुमारे १.२ अब्ज डॉलरना घेतली.

यंत्रच जमतंय की नाही अशी शंका असेल तर मात्र अशी चलाखी चालत नाही. जेम्स डायसन यांनी पिशवीविना चालणारा व्हॅक्यूम क्लीनर जमवताना ५,१२७ नमुने बनवले, एका वेळी एकच बदल करत. कंटाळवाणं वाटतं, पण दोन बदल एकदम केले की फरक कशामुळे पडला तेच कळत नाही.

ग्राहकाला विचारणं ही चाचणी वरवर सगळ्यात सोपी आणि प्रत्यक्षात सगळ्यात फसवी. कोका-कोलानं १९८५ साली चव बदलली त्याआधी जवळजवळ २ लाख लोकांना नव्या-जुन्याचे घोट देऊन पाहिले होते. नवी चव जिंकली होती. २३ एप्रिलला नवा कोक आला, लोक भडकले, आणि ७९ दिवसांत जुना परत आणावा लागला. आकडे खोटे नव्हते. विचारलं होतं की या दोन घोटांतला कुठला जास्त आवडतो. ‘जुना कायमचा बंद केला तर तुम्हाला काय वाटेल?’ या प्रश्नाचं उत्तर घोटातून निघणारं नव्हतं.

याच्या उलटही होतं. चाचणीत उत्पादन नापास होतं आणि दोष चाचणीचा असतो. ३एम या कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर यांनी १९६८ साली एक गोंद बनवला. धड न चिकटणारा, पण पुन्हा पुन्हा चिकटवता येणारा. उपयोग काय, कुणालाच कळेना. १९७४मध्ये त्यांचे सहकारी आर्ट फ्राय यांना चर्चमधल्या गाण्यांच्या पुस्तकात घालायच्या खुणांसाठी तो आठवला. ३एममध्ये कामाच्या वेळेपैकी १५ टक्के वेळ स्वतःच्या मनातल्या कामाला द्यायची मुभा होती, तिचा फायदा झाला. १९७७ला चार शहरांत या चिकटचिठ्ठ्या विकायला ठेवल्या. कुणी फारसं विचारलं नाही. स्टेज-गेटच्या नियमानं इथे फाइल बंद व्हायला हवी होती. पुढच्या वर्षी कंपनीनं आयडाहोतल्या बॉइझी शहरात जाहिरातीऐवजी चिठ्ठ्यांचे गठ्ठेच फुकट वाटले. वापरून पाहिलेल्यांपैकी दहातले नऊ जण विकत घ्यायला तयार झाले. हातात घेतल्याशिवाय न कळणारी वस्तू दुकानाच्या फळीवर ठेवून तपासली गेली होती. १९८०मध्ये या चिठ्ठ्या ‘पोस्ट-इट’ या नावानं अमेरिकाभर आल्या.

म्हणजे गेटवर बसलेल्यांना दोन वेगळ्या गोष्टी ओळखाव्या लागतात: उत्पादन पडलं, की आपण घेतलेली परीक्षा चुकली? यासाठी कुठलाही तक्ता नाही. अनुभव लागतो, आणि बैठकीत “थांबा, आपण नेमकं काय तपासलं?” असं विचारायची मोकळीक लागते.

आता या पद्धतीची काळी बाजू. गेटवर हमखास विचारला जाणारा प्रश्न असतो, ‘आपल्या सध्याच्या धंद्याच्या तुलनेत यात नफा किती?’ खरोखर नवी गोष्ट या प्रश्नावर जवळपास नेहमी हरते. फोटोच्या फिल्मवर चालणाऱ्या कोडॅक कंपनीत स्टीव्ह सॅसन या इंजिनिअरनं १९७५ साली डिजिटल कॅमेरा बनवला. वजन साडेतीन किलोच्या वर, चित्र ०.०१ मेगापिक्सेलचं, आणि एक फोटो कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद. कोडॅकनं डिजिटल दडपलं आणि बुडाली, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. कंपनीनं पुढे डिजिटलमध्ये भरपूर पैसा ओतला, २००५मध्ये अमेरिकेत डिजिटल कॅमेऱ्यांच्या विक्रीत ती पहिली होती. पण फिल्मच्या रोलवर सुटणारा नफा कॅमेऱ्याच्या डब्यावर कधीच सुटणार नव्हता. फिल्मच्या नफ्याच्या मोजपट्टीनं डिजिटल कायम खुजंच दिसत राहिलं. जानेवारी २०१२मध्ये कोडॅकनं दिवाळखोरीचा अर्ज केला.

हार्वर्डचे क्लेटन ख्रिस्टेन्सन यांनी हे कोडं संगणकातली माहिती साठवणाऱ्या डिस्क ड्राइव्हच्या धंद्यावरून उलगडलं. मोठ्या ड्राइव्ह बनवणाऱ्या कंपन्या आपल्या उत्तम गिऱ्हाइकांना विचारून चालत होत्या. त्या गिऱ्हाइकांना लहान, कमी क्षमतेची ड्राइव्ह नको होती. त्यामुळे ती बनवण्यात अर्थ दिसला नाही. लहान ड्राइव्ह वेगळ्याच, नव्या गिऱ्हाइकांकडे वाढल्या, सुधारल्या आणि शेवटी जुन्यांच्या मुळावर आल्या. यात कुणी आळशी किंवा मूर्ख नव्हतं. चांगल्या व्यवस्थापकानं जे करावं तेच सगळे करत होते.

म्हणून काही कंपन्या अशा कामाला घराबाहेर काढतात. आयबीएमनं १९८०मध्ये पर्सनल कॉम्प्युटरची टीम न्यूयॉर्कमधल्या मुख्यालयापासून दूर, फ्लोरिडातल्या बोका रॅटनला बसवली. डॉन एस्ट्रिज यांच्या हाताखालच्या या टीमला कंपनीचे नेहमीचे नियम मोडायची परवानगी होती. सगळं घरातच बनवायची आयबीएमची रीत सोडून त्यांनी प्रोसेसर इंटेलचा घेतला, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची. साधारण वर्षभरात, १२ ऑगस्ट १९८१ला, संगणक बाजारात. आयबीएमसारख्या अवाढव्य कंपनीसाठी हा वेग अचाट होता. किंमत नंतर मोजावी लागली: सुटे भाग कुणालाही मिळत होते, त्यामुळे हुबेहूब संगणक बनवणारे उगवले आणि मलई इंटेल-मायक्रोसॉफ्टकडे गेली.

दूर बसवण्यात आणखी एक धोका असतो, तो झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ (PARC) नावाच्या प्रयोगशाळेत दिसला. १९७०ला ती स्थापन झाली, १९७३पर्यंत तिथे अल्टो हा खिडक्या आणि माऊस असलेला संगणक चालू होता. त्यातून कमावलं इतरांनीच. पण त्याच प्रयोगशाळेत वाढलेला लेझर प्रिंटर १९७७ला बाजारात आला आणि झेरॉक्सला अफाट पैसा मिळवून दिला. मला हा फरक बोलका वाटतो. प्रिंटर कॉपी मशीनच्या जवळचा नातलग होता. तो विकणारी, दुरुस्त करणारी, पानांच्या संख्येनुसार बिल लावणारी माणसं झेरॉक्सकडे आधीच होती. अल्टो कुणी विकायचा, कसा विकायचा, कुणाला विकायचा हे ठरवणारं घरात कुणीच नव्हतं. नवी वस्तू बाहेर वाढवली तरी ती कोणत्या विभागाच्या ओटीत घालायची हे आधी ठरलेलं असावं लागतं.

एकाच वेळी किती कामं हाती घ्यायची याबद्दल ७०-२०-१० असे ठोकताळे सांगतात: ७० टक्के पैसा सध्याच्या उत्पादनांच्या सुधारणेला, २० शेजारच्या नव्या बाजाराला, १० अगदी नवख्या गोष्टींना. या आकड्यांना शास्त्राचा आधार वगैरे काही नाही, पण एक फायदा आहे: नवख्या कामाचे पैसे आधीच वेगळे काढले की ते दरवेळी जुन्या धंद्याशी झगडून मिळवावे लागत नाहीत. जास्त नुकसान होतं ते फार प्रोजेक्ट एकदम चालवल्यानं. तेच दहा इंजिनिअर सहा कामांत वाटले की सहाही कामं एकमेकांसाठी खोळंबतात. प्लास्टिकच्या ठोकळ्यांची खेळणी बनवणाऱ्या लेगो कंपनीनं २०००च्या आसपास कपडे, थीम पार्क, व्हिडिओ गेम असं चौफेर पसरत नेलं, आणि डिझायनरांना मोकळं रान दिल्यानं खेळण्याच्या तुकड्यांचे वेगवेगळे प्रकारही काही वर्षांत जवळपास दुप्पट झाले. प्रत्येक नव्या तुकड्याला नवा साचा लागतो. २००३-०४मध्ये कंपनी गाळात गेली. नवे प्रमुख यॉर्गन वीग नूडस्टॉर्प यांनी पार्क विकली आणि तुकड्यांचे प्रकार कमी केले. आहे त्याच ठोकळ्यांतून नवं बनवा, असं डिझायनरांना सांगितलं गेलं. लेगोची पुढची भरभराट त्या बंधनात झाली.

राहिलं मोजमाप. किती कल्पना आल्या, किती पेटंट घेतली हे आकडे मोजायला सोपे आणि कामाला बिनउपयोगी. ३एमनं बरा मार्ग काढला होता: एकूण विक्रीतला ठरावीक वाटा गेल्या काही वर्षांत आलेल्या उत्पादनांचा असलाच पाहिजे. १९९०च्या दशकात तो चार वर्षांतल्या उत्पादनांसाठी ३० टक्के होता. पण अशा मोजपट्टीलाही पळवाट असते. जुन्याच वस्तूचा रंग किंवा वेष्टण बदलायचं आणि ती ‘नवी’ म्हणून मोजायची. त्यामुळे नवं कशाला म्हणायचं याची व्याख्या, हे उत्पादन विकून ज्यांचा बोनस ठरतो त्यांच्या हातात न देता वित्त विभागाकडे ठेवणं शहाणपणाचं.

सगळ्यात जास्त टाळली जाणारी बैठक लाँचनंतरची. गेटवर मांडलेले विक्रीचे अंदाज काढायचे, वर्षभराची खरी विक्री शेजारी ठेवायची, आणि कुठला अंदाज का हुकला ते पाहायचं. तोवर अंदाज मांडणारे दुसऱ्या विभागात गेलेले असतात, उत्पादन चाललं असेल तर श्रेय वाटून झालेलं असतं, पडलं असेल तर विषय कुणालाच नको असतो. ही बैठक नेमानं झाली तर दोन-तीन वर्षांत कळू लागतं की आपल्या कंपनीत वेळेचा अंदाज नेहमी कमी धरला जातो की विक्रीचा नेहमी जास्त, आणि पुढच्या गेटवर कुणी आकडा मांडला की त्यातून किती वजा करायचे.